झाडाला आकाश किती दिसते? ठाण्यातील घरात पानझाडांना पुरेसा प्रकाश देण्याची रीत

नवरात्रात देवघरात घट बसतो तेव्हा त्यातले धान तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते आणि नवमीपर्यंत वीतभर उंच होते. ती रोपे शेतातल्या रोपांसारखी हिरवीगार नसतात. फिकट पिवळी, बारीक आणि लांबलचक असतात आणि हात लागला की आडवी होतात. अंधाऱ्या कोपऱ्यात रुजलेले बियाणे आपल्याजवळचा साठा उंच होण्यावर खर्च करते, कारण मातीखाली किंवा दगडाआड अडकलेल्या कोंबाला प्रकाश गाठण्याचा तेवढा एकच मार्ग असतो; पान रुंद करणे आणि त्यात हरितद्रव्य भरणे ही कामे तो प्रकाश मिळाल्यावर हाती घेतो. घटाचे आयुष्य नऊ दिवसांचे असल्यामुळे त्यात काही बिघडत नाही. दिवाणखान्यातल्या मनीप्लांटच्या, मॉन्स्टेराच्या किंवा फिलोडेंड्रॉनच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट वर्षभर इतक्या संथपणे चालू असते की आपण तिला वाढ समजतो. वेल लांब झाली म्हणून आपल्याला बरे वाटते, आणि तिची पाने दर महिन्याला लहान होत चालली आहेत हे ध्यानात येत नाही.

घरातल्या झाडांविषयी बोलताना पाणी, खत आणि माती यांची चर्चा पुष्कळ होते. प्रकाशाचा विषय मात्र ‘उजेडात ठेवा, थेट ऊन नको’ या एका वाक्यात आटोपला जातो. ते वाक्य चुकीचे नाही, पण ठाण्यासारख्या शहरात, जिथे समोरच्या इमारतीमुळे एकाच दिशेच्या दोन खिडक्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तिथे त्याने काहीच ठरवता येत नाही. अनेक वर्षे कुंड्या या खिडकीतून त्या खिडकीत हलवल्यावर मी एकाच प्रश्नावर विसंबायला शिकले आहे: झाड जिथे ठेवले आहे तिथून, पानाच्या जागेवरून पाहिले तर, आकाश किती दिसते?

‘इनडोअर’ हा झाडाचा स्वभाव नाही

घोडबंदर रस्त्याच्या कडेला ओळीने रोपवाटिका आहेत. तिथे पहिला मॉन्स्टेरा घेतला तेव्हा विक्रेत्या दादांनी मला अगदी विश्वासाने सांगितले होते, “ताई, हे इनडोअर आहे, घरात कुठेही ठेवा.” त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तो मॉन्स्टेरा त्यांच्याकडे हिरव्या शेडनेटखाली वाढलेला होता, आणि अशा जाळ्या साधारणपणे निम्मे ते पाऊण ऊन अडवतात. निरभ्र दिवशी भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते (लक्स हे एखाद्या जागेवर पडणारा उजेड मोजण्याचे एकक). म्हणजे जाळीखालच्या झाडाला दुपारी २५,००० ते ५०,००० लक्स मिळत होते. मी ते झाड सोफ्याशेजारच्या ज्या कोपऱ्यात आणून ठेवले तिथे, नंतर मोजले तेव्हा, जेमतेम १५० लक्स होते. महिन्याभरात त्याची खालची दोन पाने पिवळी पडली आणि मी ती माझ्या पाण्याची चूक समजले.

‘ही तर जंगलातल्या सावलीतली झाडे’ असेही नेहमी ऐकू येते. उष्णकटिबंधीय सदाहरित अरण्यात जमिनीपर्यंत वरच्या प्रकाशाचा एखाद-दोन टक्के भागच पोहोचतो, हे खरेच आहे. पण एक लाखाचे एक-दोन टक्के म्हणजे एक ते दोन हजार लक्स. आपल्या हॉलचा मधला भाग, जो आपल्याला लख्ख वाटतो, तिथे दिवसा शंभर ते पाचशे लक्स असतात. म्हणजे जंगलाच्या तळाशी जी गडद सावली असते तिच्याहूनही आपले घर काळोखे आहे. शिवाय मॉन्स्टेरा, मनीप्लांट, सिंगोनियम ही झाडे तळाशी कायमची राहत नाहीत. ती खोड धरून वर चढतात आणि मोठी पाने वरच्या उजेडातच काढतात. सोसायटीच्या आवारातल्या आंब्यावर किंवा नारळावर चढलेला मनीप्लांट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचे पान जेवणाच्या ताटाएवढे होते, कडांना चिरा पडतात, आणि स्वयंपाकघरातल्या बाटलीतली तळहाताहून लहान पानांची वेल तीच आहे यावर विश्वास बसत नाही. फरक जातीचा नसून प्रकाशाचा, चढायला मिळालेल्या आधाराचा आणि मुळांना मिळालेल्या जागेचा आहे.

आपला डोळा येथे फार फसवतो. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान होते, आणि मेंदू हिशेब जुळवून घेतो; त्यामुळे शंभरपट फरकही आपल्याला ‘थोडा कमी उजेड’ एवढाच जाणवतो. पानाजवळ अशी सोय नाही. पान दिवसभरात प्रकाशातून जेवढी साखर बनवते आणि संपूर्ण झाड श्वसनात जेवढी साखर जाळते, त्यांचा जमाखर्च समान होईल असा एक किमान प्रकाश प्रत्येक झाडासाठी असतो. त्याच्या खाली झाड साठ्यावर जगते. झेडझेड प्लांटच्या मातीखाली बटाट्यासारखे जाड कंद असतात आणि स्नेक प्लांटच्या पानांत भरपूर पाणी साठलेले असते, म्हणून ही दोन्ही झाडे काळोख्या पॅसेजमध्येही वर्षभर हिरवी दिसतात आणि ‘यांना उजेड लागतच नाही’ असा समज होतो. ती तग धरून असतात. नवे पान आले आहे का, हे पाहिले की खरी स्थिती कळते.

मोजण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. मोबाइल झाडाच्या वरच्या पानाच्या अगदी जवळ धरा, कॅमेरा खिडकीकडे करा आणि फोटो काढा. आता त्या फोटोत आकाशाचा भाग किती आहे ते पाहा. समोरच्या इमारतीची भिंत, छज्जा, ग्रिलवर टाकलेला पत्रा, पडद्याची घडी हे सगळे वजा करा. फोटोत आकाशाचा मोठा तुकडा असेल तर ती जागा बहुतेक पानझाडांना चालेल. आकाशाची बोटभर पट्टी दिसत असेल तर तिथे झाड तग धरेल. आणि आकाश अजिबात दिसत नसून केवळ समोरची भिंत दिसत असेल तर ती भिंत पांढरी व उन्हात न्हालेली असल्याखेरीज तिथे वाढीची अपेक्षा करू नये. हा फोटो माणसाच्या उभ्या उंचीवरून काढू नये. आपण उभे असताना दिसणारे आकाश आणि जमिनीवर ठेवलेल्या कुंडीला दिसणारे आकाश यांत पुष्कळ अंतर असते. कपाटावर किंवा फ्रिजवर ठेवलेल्या मनीप्लांटची अडचण उलटी असते: तो खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच बसलेला असतो, त्यामुळे त्याला खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो आणि आकाश मात्र नाही.

दुसरी पद्धत सावलीची. दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर वीत-सव्वा वीत उंचीवर हात धरावा. बोटे वेगवेगळी मोजता येतील अशी रेखीव सावली पडली तर प्रकाश जोरदार आहे. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत अशी सावली पडली तर मध्यम आहे. कागदावर नुसता अंधूकपणा आला तर कमी आहे.

तिसरी पद्धत मोबाइलवरच्या लक्समीटरची. बहुतेक मोबाइलमध्ये प्रकाश ओळखणारा संवेदक पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणून मोबाइलचा पडदा प्रकाशाकडे करून तो पानाच्या पातळीवर धरावा. निरनिराळ्या फोनवर आकडे वेगळे येतात, पण घरातल्या दोन जागांची तुलना करण्यास ते पुरेसे आहेत. सकाळी नऊ, दुपारी एक आणि सायंकाळी चार अशा तीन वेळा नोंद घ्यावी, कारण झाडाला महत्त्वाची असते ती दिवसभराची एकूण कमाई: चार तास मिळालेले १०,००० लक्स आणि आठ तास मिळालेले ५,००० लक्स यांची बेरीज सारखीच होते. ढोबळमानाने सांगायचे तर झेडझेड, स्नेक प्लांट, साधा हिरवा अग्लोनिमा यांना दिवसभर ५०० ते १,००० लक्स मिळाले तर ती टिकतात आणि अधूनमधून पान काढतात. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, कॅलाथिया यांना दोन ते पाच हजार असावेत. मॉन्स्टेरा, रबर प्लांट, अँथुरियम, अरेका पाम यांना पाच ते दहा हजार मिळाल्यावर त्यांचे खरे रूप दिसते. आणि क्रोटनला याहूनही जास्त लागते, त्याशिवाय त्याचे लाल-पिवळे रंग उमटत नाहीत.

ठाण्याच्या खिडक्या

ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच चढतो. थंड देशांतून आलेला ‘दक्षिण खिडकी सर्वांत प्रखर’ हा सल्ला म्हणूनच आपल्याकडे वर्षभर लागू पडत नाही. मे ते जुलै या काळात ठाण्याच्या दक्षिण खिडकीतून दुपारचे ऊन आत येतच नाही, आणि डिसेंबरात छज्जा नसेल व खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल तर तेच ऊन सहा-साडेसहा फूट आत पोहोचते. आमच्या दक्षिण खिडकीतला कवडसा दिवाळीनंतर हळूहळू आत सरकत टीव्हीखालच्या कपाटाला टेकतो आणि संक्रांतीनंतर परत फिरतो. त्या कवडशाची वाट पाहून मी कुंड्यांच्या जागा ठरवते.

पूर्वेची खिडकी सर्वांत सुखाची. सकाळी दहा-साडेदहापर्यंतचे कोवळे ऊन बहुतेक पानझाडांना सोसते, आणि खाडीच्या दिशेला मोकळे आकाश असेल तर तेथे अँथुरियमसुद्धा फुलतो. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी दोननंतरचे ऊन हिवाळ्यात चालते, पण मार्च ते मे या महिन्यांत त्याच्याबरोबर तापलेल्या ग्रिलची आणि काचेची झळही येते; काचेला टेकलेले पान तिथे करपते. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना डोंगरामुळे मावळतीचे ऊन लवकर संपते, त्यामुळे त्यांच्या पश्चिम खिडक्या तितक्या त्रासदायक नाहीत. उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते आणि उरलेले वर्ष केवळ आकाशाचा उजेड असतो. समोर मोकळे असेल तर कॅलाथिया आणि नेचे यांच्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

हे सर्व समोर अडथळा नसेल तर. घोडबंदर परिसरात किंवा नव्या मुंबईत खारघर-नेरुळच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या आणि विसाव्या मजल्यावरच्या पूर्व खिडक्या कागदावर एकसारख्या असतात, पण खालच्या मजल्यावर समोरच्या टॉवरने आकाश झाकलेले असते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत खिडक्या मोठ्या असतात, पण आवारातल्या झाडांची दाट सावली त्यांवर असते. आणि मग आपण स्वतः घातलेले अडथळे येतात: ग्रिलवरचा निळा किंवा हिरवा फायबरचा पत्रा, मच्छरजाळी, सरकत्या खिडकीला लावलेली काळी फिल्म, पडदा, आणि या सर्वांवर बसलेली धूळ. प्रत्येक थर थोडाथोडा प्रकाश खातो आणि चार थरांनंतर पानापर्यंत फारच थोडा उरतो. नवे झाड किंवा दिवा विकत घेण्यापूर्वी मच्छरजाळी काढून धुवावी, काच दोन्ही बाजूंनी पुसावी आणि पत्रा रंगीत असेल तर तो पारदर्शक घेता येतो का ते पाहावे. याला जवळजवळ पैसे लागत नाहीत आणि फरक लगेच मोजता येतो.

नवे पान काय सांगते

एकदा आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचे व रंगाचे काम निघाले. जानेवारीत परांची बांधली गेली, तिच्यावर हिरवी जाळी चढली, आणि पावसाळ्यापूर्वी संपणारे काम ठेकेदाराच्या दिरंगाईने ऑगस्टपर्यंत लांबले. मॉन्स्टेरा तोवर ईशान्येच्या खिडकीत चांगला रुळला होता. जाळी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या पानाला दोन्ही बाजूंना चार-चार चिरा होत्या आणि मधल्या शिरेलगत बारीक भोकांची एक ओळ होती. पुढचे पान मार्चमध्ये उलगडले. त्याला एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक चीर होती, भोके नव्हती. त्यानंतरचे पान जूनमध्ये आले ते अखंड, हृदयाच्या आकाराचे, आधीच्या पानाच्या निम्मे, आणि त्याचा देठ मात्र आधीच्यापेक्षा वीतभर लांब. पाणी, खत, कुंडी यांपैकी मी काहीही बदलले नव्हते. आकाश तेवढे झाकले गेले होते.

यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की पानाचा आकार आणि त्याच्या चिरा ते कोंबात गुंडाळलेले असतानाच ठरतात. उलगडलेले पान पुढे मोठे होईल, पण त्याला नव्याने चिरा पडणार नाहीत. म्हणून आज झाड खिडकीजवळ नेले तर त्याचा परिणाम पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पानात पाहावा आणि तोवर धीर धरावा. मी नव्या पानाच्या देठाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर उलगडल्याची तारीख लिहिते. तीन पाने झाली की त्यांचा आकार, देठाची लांबी आणि दोन पेरांमधले अंतर एकमेकांशी ताडून पाहता येते. मनीप्लांटच्या दोन पेरांत पूर्वी दोन बोटे मावत असतील आणि आता चार मावत असतील, तर झाड घटातल्या धानाच्या वाटेवर आहे.

इतरही खुणा आहेत. झाड खिडकीकडे कलते, कारण सावलीकडच्या बाजूला वाढीचे संप्रेरक जास्त जमून तिथल्या पेशी अधिक लांब होतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोंबांवर प्रयोग करून कोंबाचे टोक प्रकाश ओळखते हे दाखवले होते. थोडा कल स्वाभाविक आहे, पण झाड दर आठवड्याला फिरवूनही पुन्हा तेवढेच वाकत असेल तर त्या जागी त्याला प्रकाश अपुरा आहे. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या जातींत, जसे मार्बल क्वीन किंवा एन्जॉय मनीप्लांट, नवी पाने अधिकाधिक हिरवी येऊ लागतात. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणजे अर्धे पान कमावत नाही. अशा झाडाला साध्या हिरव्या भावंडापेक्षा जास्त प्रकाश हवा. पूर्ण हिरवी झालेली फांदी शेवटच्या ठिपकेदार पानापर्यंत कापावी आणि मग जागा बदलावी.

उलट बाजूला, जास्त ऊन लागल्याची खूणही ओळखता आली पाहिजे. उन्हाच्या बाजूच्या पानांवर आधी फिकट पांढुरके चट्टे पडतात आणि मग ते कागदासारखे कोरडे, तपकिरी होतात. हे चट्टे भरून येत नाहीत. पण ते पान लगेच कापू नये, कारण त्याचा उरलेला हिरवा भाग झाडाला अजून अन्न देत असतो.

मॉन्स्टेराविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. त्याचे खोड कधीकधी खिडकीकडे न जाता भिंतीकडे सरकते, आणि त्यावरून ‘याला अंधार आवडतो’ असे म्हटले जाते. कोस्टा रिकातील जंगलात मॉन्स्टेराच्या एका जातीवर केलेले काम १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की नुकतीच उगवलेली रोपे उजेडाऐवजी क्षितिजावरच्या सर्वांत गडद भागाकडे, म्हणजे जवळच्या मोठ्या खोडाकडे, सरकतात. काळोख त्यांना राहण्यासाठी नको असतो. त्या काळोखात चढायला आधार सापडतो आणि आधाराने वर उजेड. म्हणून झाडाला काथ्याची काठी द्यावी, ती झाडाच्या मागे म्हणजे खोलीच्या बाजूला रोवावी, आणि पानांचे तोंड खिडकीकडे राहू द्यावे. असे चढवलेले झाड सतत फिरवू नये, कारण प्रत्येक वेळी सगळे देठ वळवून घेण्यात त्याची शक्ती जाते. अरेका, रबर प्लांट, पीस लिली ही झाडे मात्र आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवावीत.

जागा बदलताना

झाड खिडकीपासून दूर असेल तर पहिला उपाय ते जवळ आणणे हाच. खिडकीपासून फूटभर अंतरावरचा प्रकाश आणि सहा फुटांवरचा प्रकाश यांत अनेक पटींचा फरक असतो, त्यामुळे हॉलची रचना थोडी बिघडली तरी चालेल. मागे पांढरी भिंत असेल तर ती परतवलेला उजेड पानांच्या मागच्या बाजूला मिळतो. गडद रंगाच्या भिंतीपुढे झाड देखणे दिसते पण उपाशी राहते. पानांवरची धूळ मऊ ओल्या फडक्याने, खालून हाताचा आधार देऊन, पंधरवड्यातून एकदा पुसावी. मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या कामांमुळे घोडबंदरच्या बाजूला ती आठवड्यातून एकदा पुसावी लागते. दूध, तेल किंवा चकाकी आणणारी फवारणी पानांवर लावू नये. त्यांवर धूळ अधिक चिकटते.

खिडकीजवळ झाड जमिनीवर आणून ठेवताना घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर सांभाळावे. मॉन्स्टेरा, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन ही सगळी आपल्या अळूच्या आणि पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात येणाऱ्या शेवळाच्या कुळातली आहेत, आणि अळूने घशाला जी खाज सुटते तिचे कारण असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्यांच्याही पानांत असतात.

जास्त उजेडाकडे नेणे एका दिवसात करू नये. सावलीत तयार झालेले पान पातळ आणि पसरट असते, उन्हात तयार झालेले जाड आणि आटोपशीर. तयार झालेले पान आपली घडण फारशी बदलू शकत नाही. पहिल्या आठवड्यात पातळ पांढऱ्या पडद्याआड, दुसऱ्या आठवड्यात सकाळचा तासभर पडदा सरकवून, असे करत तीन-चार आठवड्यांत झाड नव्या जागी न्यावे. रोपवाटिकेतून आणलेले झाडही आधी घरातल्या सर्वांत उजळ जागी ठेवावे आणि मग, हवेच असेल तर, हळूहळू आत आणावे.

पावसाळा आणि त्यानंतरचा ऑक्टोबर

आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आकाश भरून येते, कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, आणि नेमक्या याच काळात हवेत भरपूर दमटपणा असल्यामुळे पाने मोठी होऊ शकली असती. या काळात झाडे खिडकीच्या जितकी जवळ आणता येतील तितकी आणावीत. एप्रिलमध्ये ज्या पश्चिम खिडकीतून ती हलवली होती तीच खिडकी जुलैमध्ये उत्तम असते. पाणी मात्र निम्म्यावर आणावे, कारण कमी प्रकाशात पान कमी पाणी वापरते आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते. पावसाळ्यात मेलेल्या बहुतेक झाडांची मुळे कुजलेली सापडतात आणि दोष पाण्याला दिला जातो. पण तेच पाणी मे महिन्यात त्याच झाडाने सहज संपवले असते. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. वाढ थांबलेली असताना खत देऊ नये.

आणि मग ऑक्टोबर येतो. नैऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरतो, ढग एकाएकी हटतात, आणि दक्षिणेकडे झुकलेला सूर्य छज्जाखालून खिडकीत शिरू लागतो. झाडावर त्या वेळी असलेली सर्वांत ताजी पाने जुलै-ऑगस्टच्या अंधारात तयार झालेली, पातळ, असतात. माझ्या अनुभवात पाने करपण्याच्या तक्रारी मेपेक्षा ऑक्टोबरात जास्त येतात, कारण मे महिन्यात आपण सावध असतो आणि ऑक्टोबरात ऊन आल्याच्या आनंदात झाडे उन्हात ठेवतो. घटस्थापनेच्या आधीच्या साफसफाईत काचा आणि जाळ्या स्वच्छ कराव्यात आणि त्याच दिवशी दक्षिण व पश्चिम खिडक्यांना पातळ पांढरा पडदा लावावा. दिवाळीपर्यंत तो हळूहळू बाजूला करता येतो.

दिव्याची जोड

खिडकीतून आकाशच दिसत नसेल तर दिवा लावणे हा प्रामाणिक उपाय आहे. त्यासाठी महागडा जांभळा दिवा घेण्याची गरज नाही. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषते हे खरे, पण हिरवा प्रकाशही पानाच्या आतल्या थरांपर्यंत जाऊन वापरला जातो, आणि पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत असल्यामुळे कीड किंवा पिवळेपणा वेळीच लक्षात येतो. साधी २० वॉटची, चार फुटी, पांढऱ्या प्रकाशाची एलईडी ट्यूब, जिच्यावर ४,००० ते ६,५०० केल्व्हिन (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) लिहिलेले असते, पुरेशी आहे. महत्त्व आहे ते अंतराला: पानांपासून फूटभर वर टांगली तर ती दोन-अडीच हजार लक्सच्या आसपास देते, आणि नेहमीप्रमाणे भिंतीवर छताजवळ लावली तर पानापर्यंत काहीशेच पोहोचतात. दिवसाचे दहा ते बारा तास ती चालू ठेवावी आणि रात्री झाडाला अंधार द्यावा; साधा टायमर लावला की विसरण्याची भीती राहत नाही. बारा तासांना पाव युनिटच्या आत, म्हणजे महिन्याला साधारण सात युनिट वीज लागते. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर उघडी जोडणी करू नये. पाण्यापासून सुरक्षित असलेला दिवाच घ्यावा आणि वायरचे काम वायरमनकडून करून घ्यावे.

त्या जाळीच्या वर्षी मी जूनमध्ये अशी ट्यूब मॉन्स्टेराच्या काठीला समांतर, उभी बांधली. जुलैअखेर आलेल्या पानाला एकच चीर होती. सप्टेंबरात, जाळी उतरल्यानंतर, पुढचे पान उलगडले तेव्हा त्याला तीन चिरा होत्या आणि त्याचा देठ पुन्हा आखूड झाला होता. ट्यूब मी तेव्हापासून दर वर्षी मृगाच्या सुमारास बांधते आणि दसऱ्याला सोडून ठेवते.